लॉगिन मेसेज बदलायचाय? आधी ती फाइल कोण वाचतं आणि कोण परत लिहितं ते बघा

आधी तुमचा प्रश्न माझ्या भाषेत सांगतो, चुकीचं समजलो असेन तर टोका. वाघोडियाच्या प्लांटमधे चाळीस एक छोटे लिनक्सवाले गेटवे बॉक्स आहेत, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले, सगळे एकसारखे नाहीत. साहेबांचं म्हणणं आहे की कोणीही लॉगिन केलं की कंपनीचं नाव, मशीन नंबर आणि परवानगीशिवाय हात लावू नका असं दिसलं पाहिजे. पहिल्या बॉक्सवर तुम्ही एमओटीडी नावाची लॉगिन मेसेजची फाइल बदलली, मेसेज दिसला, रीबूट केल्यावर गायब. दुसऱ्यावर मेसेज दोनदा येतो. तिसऱ्यावर इटीसीमधल्या प्रोफाइल फाइलच्या शेवटी नेटवरून घेतलेली स्क्रिप्ट चिकटवली, तर आता पासवर्ड घेतो, मेसेजही दाखवतो आणि लगेच कनेक्शन तोडतो. आणि शेवटी विचारलंय, नक्की कोणती फाइल बदलायची ते एकदा सांगून टाका.

एकच फाइल सांगता आली असती तर दोन ओळीत उत्तर संपलं असतं. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत सतरा वर्षं हेच करतोय, पॅनलमधले मीटर वाचून डेटा वर पाठवणारे बॉक्स, आणि माझा अनुभव असा की फाइलचं नाव हा प्रश्नच नसतो. प्रश्न दोन असतात, ती फाइल वाचतं कोण, आणि ती परत लिहितं कोण. तुमचे तिन्ही बॉक्स याच दोन प्रश्नांवर अडकलेत, फक्त तिघांचे चेहरे वेगळे आहेत. (फोनवरून मराठी कीबोर्डवर टाइप करतोय, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, म्हणून कमांड तोंडाने म्हणतो तशाच लिहितोय, तुम्ही अर्थात इंग्रजीतच टाइप करा.)

तिसरा बॉक्स आधी घेऊ कारण त्याने तुम्हाला बाहेर उभं केलंय. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे रीसेटचं बटण दाबू नका, दहा सेकंद दाबून धरलं की बऱ्याच बॉक्सवर सगळी सेटिंग उडतात, मग मेसेज राहिला बाजूला, मीटरची यादी परत भरत बसाल. तुमच्या स्क्रिप्टच्या शेवटी बहुतेक एक्झिट लिहिलेलं आहे. स्क्रिप्ट स्वतंत्र चालवली तर एक्झिटने फक्त स्क्रिप्ट संपते, पण प्रोफाइल फाइल ही वेगळी चालत नाही, लॉगिन शेल (लॉगिन झाल्यावर कमांड घेणारा प्रोग्राम) ती स्वतःच्या पोटात वाचून चालवतं, त्यामुळे तिथला एक्झिट म्हणजे शेलनेच राम राम ठोकणं. यातून बाहेर पडायचा रस्ता सोपा आहे. प्रोफाइल फक्त लॉगिन शेल वाचतं. एसएसएचला (नेटवर्कवरून लॉगिन करायचा प्रोग्राम) कमांड सोबतच दिली तर लॉगिन शेल उघडतच नाही आणि प्रोफाइल वाचलीच जात नाही. म्हणजे एसएसएच, मग रूट ॲट बॉक्सचा आयपी, आणि त्याच ओळीत पुढे कोटमधे "सीपी /इटीसी/प्रोफाइल.बॅक /इटीसी/प्रोफाइल", बॅकअप ठेवला असेल तर. नसेल ठेवला (खरं सांगा) तर एसएसएच -टी लावून शेवटी नुसतं /बिन/एसएच द्या, साधा प्रॉम्प्ट मिळेल, आत जाऊन व्हीआयने ती ओळ काढा. सीरियल केबलने इथे फायदा नाही हे लक्षात घ्या, लोक पहिल्यांदा तिकडेच पळतात, पण केबलवर पण लॉगिन शेलच उघडतं आणि तेच प्रोफाइल वाचून तेच एक्झिट मारतं.

अगदीच नाही जमलं आणि बॉक्स ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरसारख्या छोट्या बॉक्ससाठीचं लिनक्स) असेल तर फेलसेफ मोड आहे, चालू होताना एलईडी भराभर मिचकावायला लागला की बटण दाबायचं, बॉक्स १९२.१६८.१.१ वर येतो, आत गेल्यावर माउंट अंडरस्कोर रूट म्हटलं की तुमच्या फाइली दिसतात. इतर बॉक्सवर यू-बूटमधे (लिनक्सच्या आधी चालून त्याला चालू करणारा प्रोग्राम) थांबून बूटच्या ओळीत इनिट बरोबर /बिन/एसएच जोडायचं, त्यासाठी मात्र केबल लागते. ३.३ व्होल्टवाली यूएसबी टीटीएल घ्या, जुनी आरएस-२३२ सरळ पिनांना लावलीत तर पिन जळेल, आमच्याकडे एका शिकाऊने दोन बोर्ड असेच घालवलेत. टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, आणि चौथी व्होल्टेजची वायर मोकळीच ठेवायची. स्पीड बहुतेक ठिकाणी ११५२०० असतो.

आता मेसेज कुठून येतो ते. माणूस बॉक्सपर्यंत येतो त्याच्या तीन जागा आहेत. केबलवर किंवा स्क्रीनवर लॉगिन विचारायच्या आधी जे दिसतं ते इश्यू नावाच्या फाइलमधलं, ते गेटी नावाचा प्रोग्राम छापतो. एसएसएचने येताना पासवर्ड विचारायच्या आधी जे दिसतं तो बॅनर, तो एसएसएच सर्व्हर दाखवतो आणि त्याला सेटिंगमधे फाइलचं नाव सांगावं लागतं, आपोआप दाखवत नाही. आणि आत शिरल्यावर जे दिसतं ते एमओटीडी, म्हणजे मेसेज ऑफ द डे. सोसायटीचं उदाहरण घ्या, इश्यू आणि बॅनर म्हणजे गेटवरची पाटी, येणारा जाणारा कोणीही वाचतो, आणि एमओटीडी म्हणजे आतल्या नोटीस बोर्डावरचा कागद. साहेबांना "परवानगीशिवाय हात लावू नका" हवंय ना, मग ते गेटवर पाहिजे, आत आलेल्या माणसाला सांगून काय उपयोग. मशीन नंबर मात्र आत.

ओपनडब्ल्यूआरटीवर अजून एक वेगळीच गंमत आहे, तिथे इटीसीमधे बॅनर नावाची फाइल असते आणि नाव बॅनर असलं तरी ती पासवर्डच्या आधी येत नाही, प्रोफाइल फाइलमधे एक ओळ आहे जी तिला कॅट करते (स्क्रीनवर छापते), म्हणजे ती आत गेल्यावरच दिसते. तिथे एमओटीडी बदलून काही होत नाही कारण ती कोणी वाचतच नाही. खरोखर पासवर्डच्या आधी हवं असेल तर ड्रॉपबेअर, म्हणजे तिथला छोटा एसएसएच सर्व्हर, त्याच्या सेटिंगमधे बॅनरफाइल असा पर्याय आहे, त्यात फाइलचं नाव टाका. या बॅनरवरून आठवलं, ओपनडब्ल्यूआरटीच्या जुन्या व्हर्जनना कॉकटेलची नावं असायची आणि लॉगिन केलं की बॅनरमधे त्या कॉकटेलची कृती यायची. १५.०५ ला कॅओस कामर म्हणायचे, त्यात जिन, लिंबू, संत्र्याचा रस असं सगळं मापासकट. गुजरातमधे दारूबंदी आणि आमच्या टेस्टिंग टेबलावर प्रत्येक बॉक्स उघडला की जिनची रेसिपी. एकदा गिऱ्हाईकाच्या ऑडिटला आलेल्या साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, हे काय आहे, तेव्हापासून मी बॅनर बदलायची सवय लावून घेतली.

पहिला बॉक्स. मेसेज दिसला पण रीबूटनंतर गेला, याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्हीचा इलाज वेगळा. एक म्हणजे तुम्ही लिहिलं ते रॅममधेच होतं. दुसरं म्हणजे लिहिलं गेलं नीट, पण चालू होताना एखाद्या स्क्रिप्टने ती फाइल परत छापली. फरक ओळखायला एक भलतीच फाइल बनवून बघा, रूट युझरच्या घरात (होम फोल्डरमधे) टच करून चाचणी नावाची रिकामी फाइल करा आणि रीबूट करा. ती पण गेली तर पहिलं कारण. ती राहिली आणि फक्त मेसेज गेला तर दुसरं. (घर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ही चाचणी फसवते, मग चाचणी फाइल इटीसीमधेच करा.)

पहिलं कारण असेल तर नुसतं माउंट टाइप करा आणि ज्या ओळीत "ऑन /" आहे ती वाचा. तिथे स्क्वॉशएफएस आणि आरओ (रीड ओन्ली) दिसलं तर मूळ सिस्टिम दाबून बंद केलेली आहे, तिच्यावर लिहिताच येत नाही, रिमाउंट करून पण नाही. तिथे ओव्हरले दिसलं तर खाली न बदलणारी मूळ कॉपी आणि वर बदल साठवायचा थर, जसं छापील फॉर्मवर ट्रेसिंग पेपर ठेवून लिहावं. मग बघायचं ते अपरडर कुठे आहे. तो फ्लॅशवर असेल तर बदल टिकतात. तो टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅमवर असेल तर लाइट गेली की ट्रेसिंग पेपर फेकून नवा. बनवणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे कोणी काही बिघडवलं तरी बंद चालू केलं की बॉक्स ठणठणीत, आणि मला विचाराल तर कारखान्यात ही चांगली रचना आहे, शिव्या देऊ नका. अशा बॉक्सवर बदल मूळ इमेजमधेच (बॉक्समधे भरतात त्या अख्ख्या सिस्टिमच्या फाइलमधे) करावा लागतो. काही बॉक्सवर रूट साधं ईएक्सटी४ असतं पण आरओ माउंट केलेलं, तिथे माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू / करून, बदल करून, सिंक मारून (रॅममधलं फ्लॅशवर उतरवून) परत आरओ करायचं. तुमच्या बॉक्सवर फाइल सेव्ह झाली म्हणजे ही तिसरी शक्यता नाही, नाहीतर व्हीआयनेच रीड ओन्ली म्हणून नकार दिला असता.

ओव्हरले असेल तर मूळ फाइल बघता येते, ओपनडब्ल्यूआरटीवर ती /रॉम खाली असते. /रॉम/इटीसी/बॅनर आणि /इटीसी/बॅनर यांचं डिफ केलं की आपण काय बदललं ते दिसतं, आणि काही बिघडलं तर तिथूनच सीपी करून मूळ परत आणता येते. एवढी सोय असताना लोक अख्खा बॉक्स रीसेट का करतात मला कळत नाही. अजून एक, ओव्हरलेमधे मोठ्या फाइलची एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल वरच्या थरात कॉपी होते, आणि ८ एमबी फ्लॅशच्या बॉक्सवर वरचा थर फार छोटा असतो, तेव्हा आधी डीएफ -एच बघून घ्या.

दुसरं कारण असेल, म्हणजे स्क्रिप्ट परत लिहिते, तर ग्रेप -आर एमओटीडी /इटीसी करा, कोण लिहितंय ते सापडेल. कधी ती फाइल खरी फाइलच नसते, एलएस -एल केलं की बाण दिसतो, दुसरीकडे नेणारी लिंक असते. ओपनडब्ल्यूआरटीवर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फचं असंच आहे, ती टेंपमधल्या फाइलकडे बोट दाखवते, लोक तिथे डीएनएस भरतात आणि संध्याकाळी फोन करतात की उडालं. तिथल्या बहुतेक सेटिंग इटीसीच्या कॉन्फिग फोल्डरमधे यूसीआय या तिथल्या सेटिंगच्या पद्धतीने लिहायच्या, बाकीच्या फाइली सिस्टिम त्यावरून स्वतः बनवते. बनवलेल्या फाइलवर लिहिणं म्हणजे पावतीवर खाडाखोड करून बँकेतली रक्कम बदलेल असं समजणं. आणि लिंक असलेल्या फाइलवर सेड -आय चालवू नका, सेड नवी फाइल बनवून जुन्याच्या जागी ठेवतो, लिंक मोडते आणि मग सिस्टिम एकीकडे लिहिते, तुम्ही दुसरीकडे वाचता.

दुसरा बॉक्स, मेसेज दोनदा. वाचणारे दोघं आहेत एवढंच. डेबियनच्या घरातला बॉक्स असेल तर एमओटीडी दाखवायचं काम पीएएम (लॉगिन सांभाळणारा भाग) करतं, म्हणून तिथे एसएसएचडीच्या सेटिंगमधे प्रिंटएमओटीडी नो असं लिहून येतं. कोणीतरी ते यस केलं की दोघेही छापतात. बिझीबॉक्सवाल्या (बहुतेक कमांड एकाच छोट्या प्रोग्राममधे असलेल्या) बॉक्सवर ड्रॉपबेअर स्वतःच एमओटीडी दाखवू शकतो आणि वर कोणी प्रोफाइलमधे पण कॅट लिहून ठेवलेलं असतं. एकाला बंद करा. कोणाला बंद करायचं? मी प्रोफाइलमधली ओळ काढतो, कारण प्रोफाइलला कमीत कमी हात लावायचा हे माझं धोरण आहे, का ते तुमच्या तिसऱ्या बॉक्सने दाखवलंच. एसएसएचडीची सेटिंग बदलली तर रीस्टार्टच्या आधी एसएसएचडी -टी चालवा, चूक असेल तर तिथेच सांगतो, आणि जुनं कनेक्शन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा, ते जमल्यावरच पहिलं बंद करा.

डेबियनवर अपडेट-एमओटीडी डॉट डी नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या स्क्रिप्ट नंबरवार चालतात आणि त्यांचं आउटपुट मेसेजमधे येतं. मशीन नंबर, किती दिवस चालू आहे, असं बदलतं काही दाखवायचं तर हीच जागा. पण इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः अर्धा दिवस पडलो होतो, स्क्रिप्टच्या नावात टिंब चालत नाही. १०-मशीन चालतं, १०-मशीन.एसएच गुपचूप वगळलं जातं, एरर पण येत नाही. आणि शेजारच्या प्रोफाइल डॉट डी फोल्डरमधे नेमकं उलटं, तिथे शेवटी .एसएच नसेल तर वाचत नाही. एकाच घरात दोन सासवा.

बॅकअप फाइलचं पण असंच, बॅकअप घ्या हे सगळे सांगतात, कुठे ठेवू नका ते कोणी सांगत नाही. बिल्डरूटने (लिनक्सची इमेज बनवायचं साधन) बनवलेल्या बॉक्सवर चालू होताना इनिट डॉट डी मधल्या एस आणि पुढे दोन अक्षरं अशा नावाच्या सगळ्या स्क्रिप्ट चालतात. मी एकदा एस५०ड्रॉपबेअर बदलण्याआधी शहाण्यासारखा एस५०ड्रॉपबेअर.बॅक करून ठेवला, तिथेच. रीबूटला दोन्ही चालल्या, आधी नवी, मग जुनी, आणि मी तासभर विचार करतोय की माझा बदल अर्धा लागू आणि अर्धा नाही असं का. तेव्हापासून बॅकअप रूटच्या घरात जुने नावाचा फोल्डर करून त्यात, फाइलच्या नावापुढे तारीख.

आता प्रत्यक्ष बदलायची पद्धत, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे माझे हात भाजलेत. काही वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी एका गिऱ्हाईकाच्या बॉक्सवर नेटवर्कची फाइल बदलत होतो, सगळे मांजा घ्यायला पळालेले, मला पण निघायचं होतं, सेव्ह केलं आणि दोन सेकंदात पंपहाउसची लाइट गेली, बहुतेक कोणाच्या पतंगाच्या दोऱ्याने तार भिडली असणार. लाइट आल्यावर बॉक्स चालू झाला पण नेटवर्क नाही. केबल लावून बघतो तर फाइल आहे, आकार शून्य. कारण एडिटर जुनी फाइल आधी रिकामी करतो आणि मग नवं लिहितो, आणि लिहिलेलं पण लगेच फ्लॅशवर जात नाही, थोडा वेळ रॅममधे थांबतं. मधल्या त्या क्षणी लाइट गेली तर जुनं पण नाही, नवं पण नाही. सण केबिनमधे काढला.

म्हणून मी मूळ फाइलवर सरळ लिहित नाही. शेजारी .नवी नावाने फाइल बनवतो, नीट वाचून बघतो, सिंक मारतो, आणि मग एमव्ही करून जुन्याच्या जागी आणतो, परत सिंक. एकाच पार्टिशनवर एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं, ते एका झटक्यात होतं, एकतर जुनी असते नाहीतर नवी, अर्धवट काही नसतं. शेजारी हे महत्त्वाचं आहे. टेंपमधे बनवून तिथून एमव्ही केलं तर टेंप रॅमवर असल्याने ती एमव्ही आतून कॉपीच होते आणि फायदा गेला. शिवाय नव्या फाइलला मालक आणि परमिशन जुन्यासारखी आहे ना ते एलएस -एलने बघा.

.नवी हे नाव पण विचार करून द्या, दोघांनी एकाच वेळी एकाच नावाने तात्पुरती फाइल केली तर काय होतं याचा फार जुना किस्सा आहे. साठच्या दशकात एमआयटीत सीटीएसएस नावाची सिस्टिम होती, एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण काम करू शकतील अशी. तिचा एडिटर तात्पुरती फाइल ठरलेल्या एकाच नावाने करायचा. एक दिवस एकजण लॉगिनचा मेसेज बदलत होता आणि दुसरा पासवर्डची फाइल, दोघे एकाच फोल्डरमधे, आणि झाली अदलाबदल. त्यानंतर जो जो लॉगिन करेल त्याला मेसेजच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड. हे फर्नांडो कोर्बातो यांनी, म्हणजे ज्यांनी ती सिस्टिम बनवली त्यांनीच, ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलंय. तेव्हा मेसेजचीच फाइल आहे, त्यात काय एवढं असं म्हणू नका.

बॉक्सवरच्या व्हीआयशी झगडण्यापेक्षा लॅपटॉपवर फाइल बनवून पाठवा. बिझीबॉक्सचा व्हीआय फार छोटा आहे, चूक मागे घ्यायची सोय प्रत्येकात असेलच असं नाही. अडकलात तर एस्केप, मग कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह, न सेव्ह करता बाहेर. फाइल पाठवताना दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. एक, लॅपटॉपवर ओपनएसएसएच ९.० किंवा पुढचं असेल (२०२२ पासूनचं) तर एससीपी आतून एसएफटीपी वापरतो, आणि ड्रॉपबेअरवाल्या छोट्या बॉक्सवर एसएफटीपी सर्व्हर बहुतेक नसतो, म्हणून कॉपी फेल होते. एससीपी -कॅपिटल ओ लावा, जुन्या पद्धतीने जाईल. दोन, विंडोजच्या नोटपॅडमधे केलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं अक्षर असतं. साध्या मेसेजमधे ते खपून जातं, स्क्रिप्टमधे मात्र "नॉट फाउंड" येतं, फाइल डोळ्यासमोर असताना, आणि माणूस वेडा होतो. डॉस२युनिक्स चालवा, बिझीबॉक्समधे बऱ्याचदा असतो. स्क्रिप्ट असेल तर एसएच -एन देऊन तपासा, चालवत नाही, फक्त व्याकरण बघतो. तुमचा एक्झिट मात्र यात सापडला नसता, व्याकरण बरोबरच होतं त्याचं.

नेटवर्क किंवा एसएसएचची फाइल लांबून बदलायची वेळ आली तर मी एक पारायण करतो. आधी मागे एक कमांड सोडून देतो, पाच मिनिटं झोप, मग जुनी फाइल जागेवर ठेव आणि सर्व्हिस रीस्टार्ट कर. मग बदल करतो. परत आत येता आलं तर ती झोपलेली कमांड मारून टाकतो. नाही आलं तर चहा पितो, पाच मिनिटांनी बॉक्स आपोआप पूर्वपदावर. वाघोडियाला स्कूटर काढून जाण्यापेक्षा हे बरं.

मेसेजमधे काय लिहायचं. गेटवरच्या पाटीवर मॉडेल, व्हर्जन, पासवर्ड यातलं काही नको. पासवर्ड कोण लिहिणार म्हणाल, बीगलबोनच्या डेबियन इमेजमधे लॉगिनच्या आधीच मूळ युझर आणि पासवर्ड छापून येतो, शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी, आणि तोच बोर्ड लोक तसाच पॅनलमधे बसवतात. दुसरं, मोठ्या नक्षीदार अक्षरांत कंपनीचं नाव करायची हौस सगळ्यांना असते. एमओटीडीमधे करा, पण इश्यूमधे जपून, गेटी उलट्या तिरप्या रेघेला खूण समजतो, तिच्यापुढे एन आलं तर तिथे बॉक्सचं नाव छापतो, आणि अशा नक्षीत तिरप्या रेघा भरपूर असतात, मग कंपनीच्या नावाचा चिवडा होतो.

तिसरं, मेसेजच्या स्क्रिप्टमधे नेटवर्कला विचारणारं काही घालू नका. आमच्या एका बॉक्सवर मी हौसेने डीएफ टाकलं होतं, किती जागा शिल्लक ते दिसावं म्हणून, आणि त्या बॉक्सवर दुसऱ्या सर्व्हरचा एनएफएस (नेटवर्कवरून दिसणारा) फोल्डर जोडलेला. सर्व्हर बंद पडला, डीएफ उत्तराची वाट बघत बसलं, आणि लॉगिन तिथेच लटकलं. ज्या दिवशी काहीतरी बिघडलंय त्याच दिवशी तुम्ही लॉगिन करणार ना, नेमकं तेव्हाच आत जाता येत नाही.

आणि मराठीत मेसेज हवा असेल तर. आमच्या शेठनी मागितला होता, मोठ्या अक्षरात सावधान, खाली गुजराती पण. केलं मी. लॅपटॉपच्या चांगल्या टर्मिनलवर बरं दिसलं, पुटीवर (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्राम) काने-मात्रे सुटे होऊन इकडे तिकडे पडले, आणि बॉक्सला स्क्रीन लावली तर नुसते चौकोन, कारण लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फॉन्टमधे जास्तीत जास्त ५१२ आकार बसतात आणि जोडाक्षरं जुळवायचं कामच तो करत नाही. बॉक्समधे साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवलं, आणि मराठी-गुजरातीचं दांडिया बाजारातून स्टिकर छापून पॅनलच्या दारावर लावलं. जो दार उघडतो तो वाचतो. लॉगिन करणारे मोजून चार आहेत.

शेवटचं चाळीस बॉक्सचं. हाताने चाळीस ठिकाणी लिहू नका, सदतिसाव्याला चूक होणारच. मेसेज एकच ठेवा आणि मशीन नंबर एका छोट्या वेगळ्या फाइलमधे किंवा सरळ होस्टनेममधे ठेवा, मेसेजची स्क्रिप्ट तो तिथून उचलेल. इमेज तुम्ही बनवत असाल तर बिल्डरूटमधे रूटएफएस ओव्हरलेचा फोल्डर, ओपनडब्ल्यूआरटी बिल्ड करताना फाइल्स नावाचा फोल्डर, योक्टोमधे बेस-फाइल्सचं बीबीअपेंड, तिथे एकदा लिहिलं की प्रत्येक नव्या बॉक्सवर आपोआप. इमेज विकणाऱ्याची असेल तर त्यालाच सांगा, पुढच्या अपडेटमधे घालून द्या म्हणून, कारण अपडेट झालं की तुमचे हाताने केलेले बदल जातात. ओपनडब्ल्यूआरटीवर तेवढी सोय आहे, सिसअपग्रेड डॉट कॉन्फमधे फाइलचं नाव लिहिलं की अपडेटमधे ती टिकते, तिथे आपला बॅनर आणि मशीन नंबरची फाइल दोन्ही लिहून ठेवा.

दुसऱ्या बॉक्सचं तर आता तुम्हीच कराल. तिसऱ्यावर ती एसएसएचबरोबर कमांड देऊन बघा, आणि पहिल्याचं माउंटचं सगळं आउटपुट आणि चाचणी फाइल राहिली का गेली ते इथे टाका, त्यावरून इमेजला हात लावायचाय का नुसती एक स्क्रिप्ट बदलायची ते सांगतो. उद्या पहिल्या पाळीला आहे, दुपारनंतर बघेन.